मशीनमधले पावसाळी पत्ते

मी टाइप करायले लागली का बाजूचे बोलणं थांबवतेत. मले त्याचा अभिमान आहे, कशाले लपवू? मूलच्या टायपिंग क्लासमध्ये सर आमच्या बोटायवर फडकं टाकत, म्हणजे बटणं दिसू नाई. बाकीच्या पोरी फडकं हळूच वर करून पाहत. माझं फडकं हललं नाई. सर म्हणत, "ही पोट्टी मशीन फोडते एक दिवस."

फोडलं नाई. पण एकदा मशीनले असं घोड्यावर बसवलं का सगळ्या जिल्ह्याच्या चिठ्ठ्या चुकीच्या वाटेले लागल्या. तीच गोष्ट सांगाची आहे. चूक माझी होती, पण त्यातूनच जे झालं ते आठवलं का मले अजूनही खुर्चीत नीट बसवत नाई.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गडचिरोलीच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आला अन् तो चालवायले माणूस पाहिजे होता. मी अर्ज केला. बाबा राइस मिलमध्ये होते, आई धानाच्या रोवण्याच्या कामाले जाये. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मीच पहिली. आईनं विहारात जाऊन सगळ्या बायायले सांगितलं का माह्या पोरीले कॉम्प्युटरवर लावलं. एका काकूनं विचारलं, "तिथी दिवसभर टीव्हीच पाहाचा असते का व?" आई म्हणाली, "हाव, पण तो टीव्ही हिचं ऐकते."

कॉम्प्युटरची खोली म्हणजे जिल्ह्यातली एकच थंड खोली. चपला बाहेर काढाच्या. गच्चीवर भली मोठी तबकडी, आभाळाकडे तोंड करून. तिच्यातून आमचं पत्र सॅटेलाइटवर जाये अन् तिथून नागपूरच्या मशीनवर उतरे. चंद्रपूरले मशीन होतं, भंडाऱ्याले होतं. नागपूरचे साहेब त्याले ई-मेल म्हणत. ते मूळचे पुण्याचे. ते तीन दिवस शिकवायले आले होते अन् तिन्ही दिवस त्यायचा चहा थंड झाला, कारण मी प्रश्न विचारणं थांबवतच नव्हती.

तं आता तो प्रोग्राम कसा होता ते सांगते. सोपं आहे, घाबरू नका.

त्यात एक पत्त्यायची वही होती. कागदाची नाई, मशीनच्या आतली. एका माणसाचं एक पान. पानावर तीन गोष्टी: त्याचं तीन-चार अक्षरांचं छोटं नाव, पूर्ण नाव, अन् पत्ता. ज्याच्याकडे मशीन आहे त्याचा पत्ता म्हणजे त्याच्या मशीनचं नाव. पण आमच्या तालुक्यायत कुठी होतं मशीन? म्हणून साहेबानं असं केलं होतं, का ज्याले मशीन नाई त्याचं पत्र आमच्याच प्रिंटरवर कागदावर निघे, वर पत्ता छापलेला. तो कागद डाकेच्या खोलीत जाये, तिथून बसनं, जीपनं, सायकलनं पुढे.

दुसरी गोष्ट म्हणजे याद्या. साहेब त्यायले 'ग्रुप' म्हणत. शाळातपासणीवाल्यायची एक यादी, धानाच्या रोगाचं सांगणाऱ्यायची एक, नर्सबायायची एक. अशा अकरा याद्या. पत्र एकदाच टाइप कराचं अन् वर यादीचं नाव लिहाचं, म्हणजे यादीतल्या सगळ्यायले जाते. एक नर्सबाई तीन याद्यायतही असू शकते.

यादीत काय भराचं, तं साहेब म्हणाले होते, "छोटी नावं भरा. पत्ता भरला तरी चालेल, प्रोग्राम दोन्ही घेतो. पण नावंच भरलेली बरी."

'पण बरी' काऊन, हे मी नाई विचारलं. तीन दिवसात तेवढा एकच प्रश्न विचारायचा राह्यला असेल.

मी याद्यायत पूर्ण पत्ते भरले. सगळ्या अकरा याद्यायत. माझा हिशेब असा होता, का यादीत नाव असलं तं मशीन आधी यादी पाहीन, मंग वही उघडीन, मंग त्यातून पत्ता काढीन, मंग छापीन. कशाले त्याले हेलपाटा? आपले हात चालतेत ना! मी सरळ पत्ताच देऊन टाकते. साहेबानं दोन दिवसाचं काम म्हणून सांगितलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीच्या आधी संपवलं अन् डाकेच्या खोलीत सांगायले गेली.

डाकेच्या खोलीत एक भाऊ होते. रिटायर व्हायले दीड-दोन वर्ष राह्यलेले, कानावर पेन्सिल, टेबलावर दोन दौती, एक काळी अन् एक लाल. जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तेव्हापासून सगळी डाक त्यायच्याच हातून. त्यायच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. त्यात एकेका माणसाले नंबर, अन् नंबरपुढे पत्ता. अन् याद्यायचे वेगळे कागद होते, त्यायच्यावर नुसते आकडे. चौदा, एकवीस, बावीस, अडतीस. बस.

मी म्हटलं, "भाऊ, हे काय जी? आकडा पाहाचा, मंग रजिस्टर उघडाचं, मंग पत्ता लिहाचा. दोनदा मेहनत. मी तं मशीनले सरळ पत्तेच देऊन टाकले."

भाऊ म्हणाले, "तू मशीनवर मेहरबानी करून राह्यली का?"

"मेहरबानी नाई, स्पीड."

"बरं," भाऊ म्हणाले. "शाळेत मास्तर हजेरी घेते, तं पोट्ट्यायचे पत्ते वाचते का?"

"नाई."

"मंग?"

मले वाटलं, म्हातारा माणूस आहे, मशीन आलं म्हणून जीव जळते त्याचा. मी हसली अन् डबा खायले गेली. असं वाटलं होतं मले, खरं सांगते.

आता एक गोष्ट जी पुण्याच्या साहेबाले माहीत असायचं कारण नव्हतं, पण मले तं माहीत असायले पाहिजे होती. आमच्या जिल्ह्यात नाल्यापलीकडच्या माणसाले दोन पत्ते असतेत. एक उन्हाळी, एक पावसाळी. उन्हाळ्यात बस गावापर्यंत जाते, तं चिठ्ठी गावात. मृग लागला, नाला भरला, का बस अलीकडच्याच चौकातून परत फिरते. मंग त्या माणसाचा पत्ता होते अलीकडच्या गावातलं एखादं दुकान, नाईतर पिठाची चक्की, नाईतर फॉरेस्टचा नाका. तिथून चिठ्ठी डोंग्यानं पलीकडे जाते. हे दिवाळीपर्यंत. दिवाळीले नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, उघडा पडला का पत्ता परत गावात. कोणी याचा कागद काढत नाई, आदेश निघत नाई. बसचा ड्रायव्हर येऊन सांगते, "आज चौकातूनच फिरवली," का झालं. भाऊ काळ्या शाईच्या पत्त्याखालचा लाल शाईचा पत्ता पाहायले लागत. काळी उन्हाळ्याची, लाल पावसाळ्याची. एकाच पानावर दोन्ही.

त्या वर्षी ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा भाऊ रजिस्टर घेऊन माझ्याकडे आले. दारात चपला काढल्या, थंडीनं खांदे आवळले अन् खुर्चीच्या काठावर बसले. ते लाल पत्ते वाचत गेले, मी मशीनच्या वहीतल्या पानांवर बदलत गेली. तेवीस पत्ते. भाऊचा चष्मा घसरे तेवढ्यात माझा पत्ता होऊन जाये.

"झालं," मी म्हटलं.

"सगळीकडे झालं?"

"सगळीकडे, भाऊ."

अन् मले तसंच वाटत होतं. वहीत बदललं म्हणजे बदललं.

आता ज्या बाईची ही गोष्ट आहे तिच्याबद्दल सांगते. मुलचेऱ्याच्या पलीकडे, नाल्यापार, एक गाव आहे. तिथी एक नर्सबाई होत्या. दर महिन्याच्या मिटिंगले गडचिरोलीले येत, अन् मिटिंग सुटली का माझ्या खोलीत यायच्या. कारण एक तं थंडी, अन् दुसरं म्हणजे त्यायले मशीन आवडे. उंच, सावळ्या, पिशवी कायम गच्च भरलेली. जूनच्या मिटिंगनंतर आल्या तेव्हा उभ्याच राह्यल्या. बसा म्हटलं तं म्हणाल्या, "बसत नाई, आनंदानं बसवत नाई मले."

झालं असं होतं, का त्यायच्या गावाभोवती चार टोले, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्त्या. तिथल्या लेकरायच्या माया त्यायले टोचून घ्यायले तयारच नव्हत्या. सुई टोचली का लेकराले ताप येते, म्हणून भीती. दोन वर्ष नर्सबाई दारोदार फिरल्या. शेवटी त्या चारही टोल्यायच्या सुईणींनी मायांले समजावलं. अन् आता माया म्हणाल्या, का बरं, एका शुक्रवारी आम्ही सगळ्या येऊ.

"एका शुक्रवारी," नर्सबाई म्हणाल्या. "समजलं का तुले? दोन वर्षात एक शुक्रवार देल्ला त्यायनं मले. रोवणा सोडून येऊन राह्यल्या. त्या आल्या अन् माह्याजवळ लस नसली, तं मंग दहा वर्ष बोलावत बसीन मी, कोणी येणार नाई."

लसीची पेटी म्हणजे बर्फाची पेटी. गडचिरोलीवरून गुरुवारच्या सकाळच्या बसनं निघे, दुपारी मुलचेऱ्याले उतरे. तिथी नर्सबाईनं स्वतः उभं राहून ती घ्याची, डोंग्यानं पलीकडे न्याची अन् शुक्रवारी सकाळी वापराची. बर्फ तेवढाच टिके. स्टँडवर घेणारं कोणी नसलं, तं पेटी त्याच बसनं परत, अन् लस खराब. अन् कोणत्या गुरुवारी पेटी निघते, हे नागपूरवरून लस आल्यावरच कळे. म्हणून ती चिठ्ठी वेळेवर जाणं म्हणजे सगळं.

नर्सबाई जाताना म्हणाल्या, "चिठ्ठी तुह्या मशीनमधूनच निघणार ना?"

"हाव, माझ्याच हातून."

"मंग मले चिंता नाई."

जुलैमध्ये एका बुधवारी सकाळी कागद आला: पेटी उद्या निघते. मी पत्र टाइप केलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरायत, कारण मशीनले तेव्हा आपली अक्षरं येत नव्हती. वर नर्सबायायच्या यादीचं नाव दिलं अन् बटण दाबलं. प्रिंटर करकर करत चाळीस कागद ओकला. मी गठ्ठा डाकेच्या खोलीत दिला, तो सकाळच्या बसांनी गेला, अन् मी चहा प्याली. एवढं भारी वाटत होतं!

दुपारी, जेवण झाल्यावर, भाऊ दारात. भाऊले सवय होती, गेलेल्या चिठ्ठ्यायच्या कार्बन कॉप्या चहासोबत वाचायची, जसे लोक पेपर वाचतेत. हातात एक कागद होता.

"पोरी, तुले पोहता येते का?"

"काऊन जी?"

"ही चिठ्ठी नाला पोहून जाणार आहे, म्हणून विचारलं."

मी कागद घेतला. मुलचेऱ्यापलीकडच्या नर्सबाईचा. वर पत्ता गावाचा. उन्हाळी पत्ता.

"असं कसं होईन? आपण तं बदलला होता!" मी वही उघडली, त्यायचं पान काढलं. स्क्रीनवर बरोबर दिसत होतं: मुलचेऱ्याच्या चौकातलं बंगाली दादाचं मिठाईचं दुकान. "पाहा भाऊ. इथी दुकान आहे. कागदावर गाव आहे. मशीन खोटं बोलून राह्यलं!"

"मशीन नाई बोलत खोटं, ते तं बह्याड आहे बिचारं. यादी दाखव."

मी यादी काढली. चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत मी उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, एवढ्या हौसेनं ठोकलेला पूर्ण पत्ता. मशीननं यादी पाह्यली, तिथी पत्ता दिसला, तोच छापला. वही उघडायची त्याले गरजच नाई पडली. मीच नाई का त्याचा हेलपाटा वाचवला होता?

मले तेव्हा समजलं, भाऊ हजेरीचं काय म्हणत होते ते. यादी म्हणजे हजेरी. तिच्यात फक्त 'कोण' असाचं. 'कुठी' हे एकाच जागी असाचं, वहीत. म्हणजे माणूस कुठीही गेला तं एकाच पानावर बदललं का पुरते, अन् सगळ्या याद्या आपोआप तिथीच पोहोचतेत. मी मात्र एका बाईचा पत्ता तीन याद्यायत तीनदा पेरून ठेवला होता, अन् ते तिन्ही पत्ते आपापल्या जागी वाळून बसले होते.

"ती चिठ्ठी आता कुठी असेन, भाऊ?"

"मुलचेऱ्याच्या स्टँडवर, त्या गावाच्या थैलीत. स्टँडवाले गावची बस आली का थैली चढवतीन तिच्यात."

"अन् बस कधी जाईन?"

"दिवाळीले."

माझ्या डोळ्यासमोर त्या माया, लेकरं कडेवर, शुक्रवारी सकाळी ओट्यावर. अन् नर्सबाई रिकाम्या हातानं.

मुलचेऱ्याले शेवटची बस साडेतीनले होती. घड्याळात दोन वाजून गेले होते. फोन लावला. मुलचेऱ्याची लाइन बंद होती. पाऊस पडला का ती बंदच राहे.

"एकटी तीच नाई," भाऊ म्हणाले. "लाल पत्तेवाल्या सगळ्या पाहाव्या लागतीन."

"भाऊ, तुम्ही गावं वाचा. मी यादीच नवी करते."

मी ती अख्खी यादी पुसून टाकली. चाळीस ओळी, एका फटक्यात. मंग भाऊ रजिस्टरमधून गाव वाचत गेले अन् मी त्या गावच्या बाईचं छोटं नाव भरत गेली. नुसतं नाव. पत्ता नाई.

पंचवीस-सव्वीस नावं झाली असतीन, तेवढ्यात लाइट गेली. एसी घरघरत बंद झाला. मशीन बॅटरीवर आलं अन् टीं टीं करायले लागलं. साहेबाची सक्त ताकीद होती, लाइट गेली का लगेच सगळं बंद कराचं. भाऊनं माझ्याकडे पाह्यलं.

"वाचा भाऊ."

"अवं पण ते ओरडून राह्यलं ना."

"ओरडू द्या. वाचा!"

भाऊ असे वाचायले लागले जसा लिलावात भाव बोलतेत. चाळीसावं नाव भरलं, यादी साठवली, मशीन बंद केलं. अंधारल्या खोलीत आम्ही दोघं घामेजून बसलो. तिथी घाम येणं म्हणजे नवलच. लाइट आली तेव्हा तीन वाजायले थोडेच मिनिटं होते. मशीन सुरू केलं, यादी उघडली. नावं जिथल्या तिथी. सकाळचं पत्र काढलं, यादीचं नाव दिलं, बटण दाबलं.

अन् आता पाहा हां, हेच ते. मशीननं पहिलं नाव घेतलं, वही उघडली, पान काढलं, आजचा पत्ता उचलला, कागदावर ठेवला. दुसरं नाव. परत वही. एकेक नावामागे माणूस कुठी आहे ते पाहून येत होतं ते. प्रिंटरमधून कागद वर येत होता अन् मी खाली वाकून, मान वाकडी करून पाहत होती. "मुलचेरा चौक, बंगाली दादांचे मिठाई दुकान." मी टाळी वाजवली. चाळिसातले सात पत्ते सकाळपेक्षा वेगळे निघाले, सातही लाल शाईशी जुळणारे.

सहा कागद भाऊनं घेतले. कोणता कोणत्या बसनं, कोणता नाक्यावरच्या जीपनं, ते त्यायले तोंडपाठ. सातवा घेऊन मी स्टँडवर पळाली. एका पायातली चप्पल चिखलात रुतली होती, ती उपसून हातात घेऊन बसजवळ गेली.

कंडक्टर भाऊ घंटीची दोरी धरूनच होते. "काय बाई, नवऱ्यासोबत भांडून निघाली का?"

"नवरा नाई अजून. ही चिठ्ठी मुलचेऱ्याच्या मिठाईवाल्या दादाले देजा. आजच्या आज पलीकडे जायले पाहिजे. लेकरायच्या लसीची आहे."

त्यायनं चिठ्ठी उलटीपालटी करून पाह्यली. "इंग्रजीत?"

"अक्षरं इंग्रजी, बोली आपलीच. वाचून पाहा."

ते मोठ्यानं वाचायले लागले. "पे-टी उद्-या नि-घ-ते." अख्खी बस हसली. मंग त्यायनं चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं अन् वरून हात थोपटला. "जा तू. देतो."

बस गेली. मी परत आली ती सरळ मशीनसमोर बसली अन् संध्याकाळपर्यंत उरलेल्या दहाही याद्या पुसून नव्या केल्या. नुसती नावं. भाऊ घरी जाता जाता दारात थांबले. मी मागं वळून नाई पाह्यलं. मले वाटलं, आता ऐकवतीन. ते म्हणाले, "माह्या हातानं एवढं लिहायले आठ दिवस लागले असते." अन् गेले. त्यायच्या तोंडून ते म्हणजे काय होतं, हे आमच्या कचेरीत काम केलेल्यायलेच समजन.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाले नागपूरले ई-मेल केला. सगळी चूक कबूल करून टाकली, अन् शेवटी दोन गोष्टी मागितल्या. एक, यादीत पत्ता घ्यायचंच बंद करा, नुसतं नाव घ्या. माझ्यासारख्या हुशार लोकायसाठी. दोन, वहीच्या पानावर एका पत्त्याच्या जागी दोन पत्ते ठेवा, उन्हाळी अन् पावसाळी, म्हणजे तेवीस पत्ते दर वर्षी टाइप नाई करावे लागणार, नुसती खूण बदलली का झालं.

साहेबाचं एका ओळीत उत्तर आलं: "पावसाळी पत्ता म्हणजे काय?"

मी त्यायले दोन पानं लिहिली. नाला, रपटा, डोंगा, ड्रायव्हर, काळी शाई, लाल शाई, सगळं. पंधरा दिवसांनी नागपूरवरून डाकेनं नवीन फ्लॉपी आली. वहीच्या पानावर दोन रकाने होते. अन् सोबतच्या कागदात साहेबानं लिहिलं होतं, "ही कल्पना गडचिरोलीची आहे. इतर जिल्ह्यांनाही पाठवत आहोत." मी तो कागद दहा वेळा वाचला, मंग आईले दाखवायले मूलले नेला. आईनं तो विहारात नेला.

पण ते नंतर. तो गुरुवार अन् तो शुक्रवार मात्र कसा गेला ते माझं मले माहीत. गुरुवारी पेटी निघाली. संध्याकाळी मुलचेऱ्याची बस परत आली तेव्हा मी स्टँडवर उभी होती. पेटी बसमध्ये नव्हती. म्हणजे कोणीतरी उतरवून घेतली. पण कोणी? कंडक्टर दुसरे होते, त्यायले काही सांगता येईना. मुलचेऱ्याची लाइन बंदच. शनिवार गेला. रविवारी मी घरी जेवली नाई, आई म्हणाली, "आजारी पडली का व?" महिन्याची मिटिंग पुढच्या बुधवारी होती.

बुधवारी नर्सबाई आल्या. मिटिंगच्या आधीच आल्या. दारात उभ्या राह्यल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, म्हणून आत येईनात.

"या ना सिस्टरबाई!"

"तुही फरशी खराब होईन."

"होऊ द्या. पेटी?"

त्यायनं माझ्याकडे असं पाह्यलं का मले वाटलं रडतेतच. पण त्या हसून राह्यल्या होत्या. "तुह्या चिठ्ठीवर मिठाईचा पाक लागला होता. दादानं ती ओली होऊ नाई म्हणून संदेश मिठाईच्या डब्यात घालून डोंग्यावाल्याजवळ देल्ली. डोंगावाला म्हणे, मी तं संदेश समजून उघडणार होतो."

"अन् माया?"

"ओटा पुरला नाई, पोरी. शाळेची ओसरी उघडावी लागली. एक माय आपलं लेकरू आणि बहिणीचं लेकरू, दोन कडेवर दोन घेऊन आली. ताप आला काहींले, पण सुईणी घरोघर बसल्या होत्या ना. कोणी घाबरलं नाई. पुढचा डोस कधी म्हणून विचारून राह्यल्या आता!"

मी काय केलं? मी ओरडली. शेजारच्या खोलीतून लोक पाहायले आले.

मंग नर्सबाईनं आत येऊन पिशवीतून घडी केलेला कागद काढला. चार टोल्यायच्या मिळून अकरा सुईणी. त्यायची नावं. "हे पाहा, हे त्यायच्यामुळे झालं. त्यायले टाकता येते का तुह्या मशीनमध्ये? चिठ्ठी माह्या नावानं येते, ठीक आहे. पण त्यायच्या नावानं एखादी आली, तं..." त्यायनं कागद टेबलावर सरळ केला. "त्यायच्या नावानं आजपर्यंत काहीच आलं नाई कुठून."

"पत्ता काय टाकू?"

"पत्ता कुठी आहे त्यायले? टोल्यावर कोण जाते? माह्याच मार्फत जाईन ते."

मी विचार केला. नर्सबाईचा पत्ता अकरा वेळा टाइप करणं माझ्यासाठी काय होतं? पाच मिनिटं. पण आता मी तशी राह्यली नव्हती. मी अकरा पानं केली, अन् प्रत्येकीच्या पानावर पत्त्याच्या जागी नर्सबाईचं छोटं नाव टाकलं. साहेबानं असं होते का नाई, कधी सांगितलं नव्हतं. मले वाटलं, यादीतल्या नावावरून जे मशीन वहीत जाते, ते वहीतल्या नावावरून दुसऱ्या पानावर काऊन नाई जाणार?

अकरा जणींची यादी केली. नर्सबाई एकेक नाव सांगत होत्या अन् प्रत्येकीबद्दल एक वाक्य बोलत होत्या, कोण कोणाची सासू, कोणाच्या हातून किती लेकरं सुखरूप झाली, कोण माडिया बोलते अन् मराठीले हसते. मंग एक पत्र लिहिलं, पुढच्या डोसाचा महिना, अन् खाली आभार. यादीचं नाव देल्लं. बटण दाबायच्या आधी मी नर्सबाईले म्हटलं, "हे चालन का नाई, माहीत नाई हां."

"दाब."

प्रिंटर सुरू झाला. पहिला कागद वर आला: एका सुईणीचं नाव, खाली मार्फत नर्सबाई, खाली मुलचेरा चौक, बंगाली दादांचे मिठाई दुकान. चाललं! मशीन सुईणीच्या पानावरून नर्सबाईच्या पानावर गेलं अन् तिथून आजचा, पावसाळ्यातला पत्ता घेऊन आलं. दुसरा कागद. तिसरा. दिवाळीले नर्सबाईच्या पानावर मी एक खूण बदलली, तं त्या अकराही जणी एकदमच गावात पोहोचल्या, पण ते पुढचं.

त्या दिवशी प्रिंटर थांबला तेव्हा नर्सबाईनं कागद मोजले. अकरा. मी म्हटलं, "सिस्टरबाई, पण त्यायले वाचता येते का?"

"नाई," त्या म्हणाल्या. एकेक कागद वेगळा करून, प्रत्येकाची वेगळी घडी घालून पिशवीत ठेवत होत्या, एकत्र गठ्ठा नाई केला. "मी वाचून दाखवीन. प्रत्येकीच्या घरी जाऊन, तिचा तिले."